बारा पुठ्ठे आणि दुहेरी दोरा

तीर्थरूप दादा यांस,

गुडघे वाकत नाहीत म्हणून उभ्याउभ्याच केलेला नमस्कार पोचावा. (मायना मानाचा लिहिला, आता नेहमीसारखं अरे-तुरे.) तुझा खोकला कसा आहे? आणि वहिनीची कंबर? आमच्याकडे सगळे बरे आहेत, फक्त सूनबाईचं जेवण सुटलं होतं. त्याला कारण इंग्रजी.

तुला ठाऊकच आहे, सूनबाई प्राथमिक शाळेत तिसरीला इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे खेळवते. व्याकरण म्हणे खेळातून शिकवायचं. (आपल्या वेळी मास्तर छडीतून शिकवायचे. ते लवकर पोचायचं, टिकायचं मात्र नाही. मी दुसरीतच शाळेतून उठले, हा त्याचा पुरावा.) तिचा खेळ असा, की प्रत्येक मुलाच्या गळ्यात एकेका शब्दाचा पुठ्ठा. शिट्टी वाजली की मुलांनी पळत जाऊन अशा क्रमाने उभं राहायचं, की वाक्य तयार होईल. परत शिट्टी, की पुठ्ठ्यांची अदलाबदल आणि नवं वाक्य. पोरं खूश. खूश पोरं गप्प नसतात. त्यामुळे शेजारच्या वर्गाच्या बाईंनी (आम्ही घरात त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणतो, तशाच सरळ आणि तशाच कोरड्या) मोठ्या बाईंकडे तक्रार केली. मोठ्या बाई म्हणाल्या, शुक्रवारी मी स्वतः येऊन बसते. गोंधळ दिसला तर खेळ बंद, मुलांनी वहीत उतरवून काढायचं.

सूनबाईने वर्षभर रात्रंदिवस खपून हे खेळ रचलेत. शुक्रवारी मदतीला चला म्हणाली. मी म्हटलं, मला त्यातलं काय कळतं? तर म्हणे, तुम्ही फक्त पुठ्ठे गळ्यात घाला.

घालायला गेले तर त्या सुतळ्यांची दशा बघवेना. एक चघळलेली, दोन तुटलेल्या, आणि एक कार्टं दुसऱ्याला सुतळी धरून बैलासारखं ओढतंय. सूनबाई मोठ्या बाईंना आणायला गेली होती. चष्म्याच्या डबीत माझा सुई-दोरा असतोच. बसले आणि बाराच्या बारा पुठ्ठे बारा छात्यांवर शिवून टाकले. दुहेरी दोरा, चारी कोपरे, मागे गाठ. कुठला शब्द कुणाला, हे मला काय कळणार? लांब पुठ्ठा जाड्याला, आखूड बारक्याला. मापात बसले सगळे. आपल्या कामावर मीच खूश.

पहिली शिट्टी वाजली, रांग सुरेख लागली. मोठ्या बाईंनी मान डोलावली. फूटपट्टी खिडकीतून बघत होत्या, त्यांचा चेहरा पडला. मग दुसरी शिट्टी वाजली.

दादा, माझं शिवण आजवर उसवलेलं नाही. पोरं पुठ्ठे ओढताहेत, पुठ्ठा येत नाही, सदरा येतो. जाड्याने विचार केला नाही, सदराच डोक्यावरून काढला. त्याचं बघून आणखी चौघे बनियनवर. सूनबाई माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी फळा वाचायला घेतला. (वाचता येत नव्हता, तरी घेतला.)

वर्गात एक पोरगी आहे, वर्षभर तोंडातून शब्द नाही, मी तिला ‘कुलूप’ म्हणते. ती फ्रॉक कशी काढणार? ती मोठ्याने ओरडली, “अरे, शब्द सुटत नाही तर तुम्ही हला ना!” आणि जाड्याला हातातल्या सदऱ्यासकट दंडाला धरून ओढत नेऊन रांगेत पुढे उभं केलं. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. घामाघूम होऊन वाक्य उभं केलं आणि इंग्रजीत वाचूनही दाखवलं. बरोबर होतं म्हणे. सूनबाईचे डोळे भरले. मी म्हटलं, आधी नाक पूस, पोरं बघताहेत.

मोठ्या बाईंनी विचारलं, “आजी, ही शिवायची युक्ती कुणाची?”

“माझीच.”

“मुद्दाम केलंत?”

“उगाच कुणी बारा वेळा सुईत दोरा ओवतं का?” मी म्हटलं. खोटं एक अक्षर नाही. खेळ चालू ठेवायला परवानगी मिळाली. नंतर दोन आया सदऱ्यांची भोकं दाखवायला आल्या, त्यांना मी वाटेला लावलं.

सर्वांना यथायोग्य. खोकल्याला औषध घे, नुसतं तोंड वाकडं करू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. येता सोडून पुढच्या सोमवारी सूनबाईला ट्रेनिंगला जायचंय. मोठ्या बाई मला या विद्येतली जाणकार समजल्या आहेत आणि खेळाचा तास माझ्यावर सोपवलाय. स्वतः बघायला बसणार. सूनबाई बोलायच्या आत मी हो म्हणून बसले. तिथे माझं हसं झालं तर पोरीचे खेळ गेले. तू कचेरीत जन्मभर इंग्रजी टाइप केलंस, तर मागच्या बाजूला बारा शब्द जसे दिसले तसे काढलेत, प्रत्येकाखाली आपल्या अक्षरांत उच्चार लिही आणि आधी कोण, मागून कोण, तेही. फोन करू नकोस, फोन तीच उचलते.

ता. क. दुसरा. उत्तराची घाई नाही. तिकीट आणायला उठले तेवढ्यात सूनबाईने पत्र वाचलं. हसली नाही, एवढं तिचं चांगलं. घरातल्या सगळ्यांना पुठ्ठे वाटलेत, शिट्टी तिच्या तोंडात आहे, मी बैठकीच्या खोलीत रांगेत तिसरी उभी आहे आणि पत्र भिंतीला टेकवून लिहितेय. वाक्य अजून लागलेलं नाही. चूक माझी नाही, माझ्या मुलाची आहे. तो लहानपणापासून भलत्याच जागी उभा राहतो.