पिवळा कमी आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

पुण्याहून तज्ज्ञ आले! नाव यशोधन, वय अठ्ठावीस, गळ्यात मीटर – डॉक्टरच्या नळीसारखं. छापलेल्या रंगावर टेकवायचं, शाई किती चढली त्याचा आकडा येतो. आमच्या दैनिकाच्या नोएडाच्या छापखान्यात एकवीस वर्षं हे काम माझे डोळे करतायत. बॅटरी लागत नाही.

मला ‘काका’ म्हणाला. मशीनवर काका नसतो, म्हटलं.

भिंतीवरच्या माझ्या रंगपत्रकाचा त्याने फोटो काढला. सतरा कलमं आहेत. चारही शाया मिळून दोनशे चाळीस टक्क्यांवर जायचं नाही, नाहीतर मागच्या पानावर डाग उतरतो. बारीक अक्षर फक्त काळ्यात. हे मला कुठल्या कॉलेजने शिकवलं नाही, वाया गेलेल्या हजारो प्रतींनी शिकवलं. एक मार्चपासून भिंतीवर माझं पत्रक राहणार की त्याचं लागणार, ते म्हणे याच महिन्यात ठरेल.

बघू!

६ फेब्रुवारी, गुरुवार

शाईवाल्याला तिसरं पत्र. पिवळी शाई दिवसेंदिवस पाणचट होत चाललीय, दोन वर्षं हेच. मशीन चालवणाऱ्या अनुरागला पिवळा वाढवायला सांगितला, तर म्हणतो, ‘सर, पीला काफ़ी है।’ मीटरही त्याच्याच बाजूने – हवा ०.९०, आहे १.१५. यंत्राचं काय, पढवलं ते बोलतं. यशोधनसारखंच.

संपादकीय विभागाची पुन्हा तक्रार, चेहरे पिवळे येतात म्हणून. त्यांनी आधी शुद्धलेखन बघावं.

९ फेब्रुवारी, रविवार

करोल बागेतून पांढरा शर्ट आणला. विनया म्हणाली, “अहो, पांढरा कुठाय हा? लोण्याचा रंग आहे.” दुकानातल्या दिव्यांचा दोष. रंग कुठल्या प्रकाशात बघावा ते माझ्या सहाव्या कलमात आहे. करोल बागेत कोण वाचतंय!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षा! शनिवारची पुरवणी आज दुपारी छापली, अर्धी माझ्या पत्रकाप्रमाणे, अर्धी त्याच्या. पानभर जाहिरात आहे पानिपतच्या पांढऱ्या चादरींची. त्याच्या प्रती अशक्त, माझ्या टवटवीत. आता जाहिरातदारानेच निवडावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चादरवाले स्वतः आले. सगळ्यांसमोर यशोधनची प्रत उचलली – ‘ये मेरी चादर है।’ मग माझी. ‘और इस पर किसने हल्दी की रस्म कर दी, भाई साहब?’

मशीनवरची सगळी हसली. अनुरागसुद्धा. यशोधन हसला नाही, ते जास्त लागलं. जिना उतरताना हळूच म्हणाला, “काका, तुमची सोळा कलमं मी तशीच ठेवलीयत. फक्त पिवळ्याचा आकडा...”

घरी विनयाला सांगितलं. तिने तो शर्ट आणून दोन्ही प्रतींच्या शेजारी ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. न विचारता!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्हीकडे मोतीबिंदू. आधी उजवा करणार. डॉक्टरीणबाई पिवळ्या रंगाबद्दल काहीतरी समजावत होत्या. ऐकलं नाही. रंग मला शिकवणार!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल ऑपरेशन झालं, आज पट्टी निघाली. डावा डोळा झाकून पुरवणी उघडली. हळद! कपाटातले दोन वर्षांचे अंक काढले – मंत्री, नवऱ्या, खेळाडू, सगळ्यांना कावीळ. उजवा झाकून पाहिलं – सगळे ठणठणीत.

शाईवाल्याला चौथं पत्र लिहायला घेतलंय. पहिली ओळ सुचत नाही.

यशोधनला फोन केला. म्हटलं, पत्रक तुझंच लाव, पण शेवटी माझं एक नवं कलम घाल : बघणाऱ्याचे डोळे, दर सहा महिन्यांनी.

“घालतो, काका.”

म्हणू दिलं.