मागच्या अंगणातल्या ढिगाऱ्याची वाटणी

पार्सलातून आले ते असे: सोने धुण्याची हिरवी परात एक, चारशे ऐंशी. पत्र्याची पन्हळ एक, आत आडव्या पट्ट्या व तळाला खरखरीत गालिचा, दोन हजार दोनशे. बारीक चाळणी एक, एकशे नव्वद. चिमटा व काचेची छोटी बाटली मिळून साठ. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दोन जोड, एक आठ नंबर, एक चार नंबर, अकराशे. टपालखर्च तीनशे दहा, तो निराळा. मागणी ह्यांनी नोंदवली होती. पार्सल दारात आले तेव्हा हे जाऊन पंधरवडा झाला होता. परत पाठवायचे तर पुन्हा तीनशे दहा पडत होते, म्हणून ठेवून घेतले.

त्या पार्सलावाचून पुढचे काही समजणार नाही, म्हणून ते आधी लिहिले. आता रीतसर.

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, देवाच्या दयेने व डॉक्टरीणबाईंच्या तपासणीनुसार डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर कोणाचेही न ऐकता, माझ्या मागे काय कोणाचे ते लिहून ठेवते.

कलम एक. घर. ओढ्याकाठचे हे घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या दोन मुलांना निम्मे निम्मे. थोरला बँकेत आहे, धाकट्याचे गॅरेज आहे. खोल्या कोणी कोणत्या घ्यायच्या यावर दोघांचे आधीच एकमत आहे, कारण तेव्हा दोघे एकमेकांशी बोलत होते. देवाची खोली मात्र कोणाच्याही वाट्याला न जाता देवाचीच राहील. तिथे इस्त्रीचे कपडे ठेवू नयेत. हे थोरल्याला उद्देशून आहे.

कलम दोन. बचत. पोस्टातले पैसे दोघांत सारखे. विषम आकडा आला तर वरचा एक देवाला.

कलम तीन. शेजारच्या मास्तरीणबाईंनी 'उद्या आणून देते' म्हणून नेलेली बारीक चाळणी याद्वारे त्यांनाच दिली असे समजावे. म्हणजे मी दिसले की त्यांना रस्ता ओलांडावा लागणार नाही.

कलम चार. मागच्या अंगणातली भिंतीलगतची पट्टी. या पट्टीसाठीच हा सगळा खटाटोप आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

पार्सल फोडले तेव्हा ह्यांच्या आठ नंबरशेजारी माझा चार नंबर पाहिला आणि मी ठरवले की हे शिकायचे. लोक हसतील म्हणून पहाटे ओढ्याच्या वळणावरून बादलीने रेती आणायची आणि अंगणात, धुण्याच्या दगडापाशी, परातीत धुवायची. शिकवणारे कोणी नव्हते, पण हाताला सवय होती. जन्मभर तांदूळ रोळले आहेत. पाणी घालायचे, गोल फिरवायचे, वरचे पाण्याबरोबर अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यायचे आणि तळाला राहिलेला खडा फेकून द्यायचा. तसेच केले. वरची वाळू उन्हात वाळवून बरण्यांत भरली आणि तळाचा काळा गाळ रोज त्या भिंतीलगत फेकला. असे तीन महिने.

एकदा मुकादम भावोजी आले. हे ह्यांचे मित्र, पूर्वी खाणीवर होते. दारातच थांबून बघत राहिले.

"वहिनी, हे फेकताय काय?"

"खडा."

"आणि बरण्यांत?"

"वरचं. धुतलेलं. स्वच्छ आहे अगदी."

भावोजी पायरीवर बसलेच. "अहो वहिनी, सोनं जड असतं! ते तळाला बसतं! तुम्ही सोनं फेकून वाळू जपताय!"

"मग आधी सांगायचंत."

"मला काय माहीत तुम्ही सोन्याचा भात करताय!"

बरण्यांतली वाळू वाया घालवली नाही, दोन वर्षे भांडी घासली. तेव्हापासून मी नुसता तळ ठेवते. कमाई म्हणाल तर सोनाराने बाटली उजेडात धरून सांगितले, "आजी, यात कानातल्याची फिरकीसुद्धा व्हायची नाही." मी म्हटले, "माझे कान तसेही भरलेले आहेत, दोन मुलगे आहेत मला."

तर तो ढिगारा. मी त्यातली एक मूठ धुऊन पाहिली. तीन कण दिसले, पिवळे, डोळ्यांत भरतील असे. दुसरी मूठ धुतली नाही. का, ते पुढे येते.

त्याच आठवड्यात थोरल्याला त्या पट्टीवर गाडीसाठी शेड हवी झाली आणि धाकट्याला तिथेच आपले यंत्र बसवायचे होते.

"दादा, तुझी गाडी रस्त्यावर राहिली तर बिघडतंय काय? माझं यंत्र पावसात भिजू?"

"यंत्र कसलं, भंगार म्हण."

"भंगार? बाबांनी पैसे दिलेत त्याला!"

"म्हणूनच म्हणतो. बाबांना कोणीही गुंडाळायचं."

ह्यांचे नाव असे मध्ये आले आणि धाकटा ताटावरून उठला. त्यानंतर दोघे माझ्याकडे येतात, पण एक शनिवारी आणि एक रविवारी. मी दोन दिवस तोच स्वयंपाक करते, दोन्ही दिवशी तेच ऐकते. "तो काही म्हणाला?" असे दोघेही विचारतात, आणि विचारलेच नाही असा चेहरा करतात.

पन्हळ अजून कागदात आहे. ती एकट्याने चालत नाही. एकाने तोंडाशी रेती घालायची आणि दुसऱ्याने खाली उभे राहून उतार सांभाळायचा. पाणी जोरात गेले तर सोनेही वाहून जाते, हळू गेले तर वाळू पट्ट्यांत तुंबते. वरच्याने खालच्याला सारखे विचारावे लागते, "बरोबर?" आणि खालच्याने उत्तर द्यावे लागते. मी मुकादम भावोजींना घेऊन पाहिले, पण त्यांचे गुडघे गेलेले आणि माझा आवाज त्यांना ऐकू येत नाही.

म्हणून असे ठरवते. ती पट्टी दोघांपैकी कोणालाही नाही, जोवर तो ढिगारा दोघांनी मिळून, बादल्यांनी वळणावर नेऊन, पन्हळीत शेवटच्या मुठीपर्यंत धुतलेला नाही. मजूर लावू नये. मग शेड घाला, यंत्र बसवा, नाहीतर दोन्ही करा. जागा पुरते. मी दोरी लावून मोजली आहे.

कलम पाच. बूट. आठ नंबरचा जोड दोघांनाही होतो. डावा थोरल्याला, उजवा धाकट्याला. चार नंबर माझ्याबरोबर जाळू नये, चांगला रबर आहे. ज्या सुनेला होईल तिने वापरावा.

कलम सहा. सोन्याची बाटली दोन्ही सुनांना मिळून, सहा सहा महिने. देताघेताना त्यांना अडचण येणार नाही, कारण त्या दोघी दर बुधवारी फोनवर तासभर बोलतात. हे नवऱ्यांना माहीत नव्हते, आता झाले.

कलम सात. परात माझी. मी आहे तोवर तिला कोणी हात लावू नये. नंतर हवी त्याने घ्यावी, पण तिच्यात तांदूळ धुऊ नयेत.

यावर अंमल मुकादम भावोजी करतील. ते आधी गेले तर देवाची मर्जी व डॉक्टरीणबाई.

हे सर्व मला पुन्हा वाचून दाखवले, ते मीच लिहिले असल्याने बरोबर आहे.

सही: तुमची आई

साक्षीदार पहिले: मुकादम (चष्मा विसरल्याने सही तिरकी आहे, पण त्यांचीच आहे)
साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई (यांनी "अजून दहा वर्षं कुठे जात नाही या" असे तोंडी सांगितले, तेही नोंदवते)

स्थळ: स्वयंपाकघराचे टेबल
दिनांक: पाऊस ओसरल्यानंतरचा पहिला गुरुवार

ता. क. याची एकेक प्रत दोघांना आजच्या टपालाने पाठवते आहे. दहा वर्षे थांबण्यात अर्थ नाही. ओढ्याला पाणी आत्ता आहे, आणि खालच्या बाजूला तिसरे कोणी उभे राहिलेले चालते, त्यासाठी माझे बूट मी पुसून ठेवले आहेत. कोणत्या रविवारी येता ते उलट टपाली कळवावे. दोघांचे उत्तर एकाच कागदावर, दोन्ही अक्षरांत, एकाच पाकिटात घालून पाठवा. तिकीट एकच लागेल.