झाडून-पुसून सोडलेलं खातं

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
चिंगीचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट हातात पडताच तू ओळखलं असशील की गोष्ट पैशाची आहे. पैशाचं बोलणं फोनवर केलं की आवाज चढतो, म्हणून ते कागदावरच करायचं, ही बाबांची शिस्त आपण दोघं अजून पाळतो. शिवाय आज फोनवर बोलले असते तर रडलेच असते, आणि ते वहिनीला ऐकू गेलं असतं.

मैद्याच्या व्यापाऱ्याला दिलेला चेक काल परत आला. बेकरी सुरू केल्यापासून पहिल्यांदाच. जुन्या बँकेत मला ओव्हरड्राफ्ट होता, तुला माहीत आहे. खात्यात काही नसलं तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलायची सोय. हॉस्पिटलच्या कँटीनचं बिल महिना उलटल्यावर येतं, मैदा मात्र आधी लागतो. मधले दिवस मी त्याच्यावरच काढायची. खातं नव्या बँकेत नेताना तू म्हणाला होतास की नुसती सही कर, सगळं आपोआप हलतं. हललं खरं! विजेचं बिल हललं, दुकानाचं भाडं हललं, विम्याचा हप्ता हलला. ओव्हरड्राफ्ट तेवढा मागे राहिला.

आणि मी काय केलं माहितीये? जुनं खातं बंद करायच्या आधी होती नव्हती ती रोकड भरून ओव्हरड्राफ्ट पार फेडून टाकला. भाड्याचं घर सोडताना आई फरशी पुसून, खिळ्यांची भोकं बुजवून मगच किल्ली द्यायची ना, तसं. म्हटलं, नव्या ठिकाणी स्वच्छ होऊन जावं. आता व्यापारी म्हणतो, आधी रोख, मग पोतं. कँटीनचा करार असा की एक सकाळ पाव चुकला की काम दुसऱ्याला. ते काम गेलं तर बेकरी गेलीच समज.

गिऱ्हाईक म्हणून बहीण आणून दिलीस, तर बँकेने तुला विजेची किटली भेट दिली म्हणे. चहा चांगला होतो का रे तिच्यात?

काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण थोडी कर. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, या पत्रानंतरही टिकावा.

तुझी,
चिंगी


दि. ७ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून वहिनीने किटली कपाटात ठेवून दिली. मला आता पातेल्यातला चहा मिळतो, तोही कोमट. शिक्षा योग्यच आहे.

बँकेचे कागद काढून वाचले. बारीक अक्षरात स्पष्ट छापलंय की ओव्हरड्राफ्टसाठी वेगळा अर्ज करावा आणि तो मंजूर झाल्यावरच जुनं खातं बंद करावं. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासली आणि नेमकं हेच वाचलं नाही. मला तोंड दाखवायला जागा नाही.

पण घरात कुढत बसू नकोस. जुन्या बँकेतून मागच्या काही वर्षांचा खातेउतारा काढ, कँटीनचा करार घे, आणि नव्या बँकेत कर्जाचं काम बघणाऱ्या माणसासमोर जाऊन बस. त्यांच्या फोनवरच्या मशीनशी बोलू नकोस; तू तिलासुद्धा अहो-जाहो करशील आणि काम व्हायचं नाही.

गच्चीच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले पैसे काल तुझ्या खात्यात भरले आहेत. पावसाला अजून अवकाश आहे, आणि गळली तरी ती माझ्याच डोक्यावर गळते. सुचवलं वहिनीने, मी नुसता हो म्हणालो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पैसे आजच परत पाठवले. रागावू नकोस. तुझी गच्ची गळकी ठेवून त्या पैशाच्या मैद्याचा पाव माझ्या घशाखाली उतरणार नाही.

बँकेत गेले होते. तिथली अधिकारी माझ्याहून बरीच लहान, पण बसायला खुर्ची दिली आणि उतारा पान न् पान पाहिला. मग विचारलं की सगळं फेडून का आलात. मी मोठ्या अभिमानाने आईच्या फरशीची गोष्ट सांगितली. बाई हसली नाही. तिने समजावलं की बँकेला माझा नेटकेपणा दिसलाच नाही; दिसलं ते एवढंच, की या बाईंना कशाचीच गरज नाही. शहाणपणा असा अंगाशी आला. तिने अर्ज घेतला आहे, पण तो वरच्या कचेरीत जाणार. उत्तराला महिनाअखेर उजाडेल.

तोवर रेटते आहे. आमचे भट्टीवाले काका रोज संध्याकाळी गल्ल्यातली रोख घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवसापुरता मैदा आणतात. केक बंद, बिस्किटं बंद, फक्त पाव. काका म्हणाले की पगार नंतर दिलात तरी चालेल. मी ऐकलं नाही, हातात ठेवलाच.

लोभात खंड नसावा.

चिंगी


दि. १५ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

पैसे परत आले. गच्ची खूश आहे, मी नाही.

तू पहिल्यापासून अशीच. वहिनीने डबा पाठवला की दुसऱ्या दिवशी तो भरून परत. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलो, तर घरी आल्या आल्या तू मला शर्ट शिवून पाठवलास. शर्ट झकास होता. पण घालताना दर वेळी मला वाईट वाटायचं, हे आज सांगून टाकतो. बहिणीजवळ बसल्याची मजुरी घेतल्यासारखं वाटायचं.

ती बँकेतली मुलगी जे म्हणाली ते पुन्हा वाच. तुझ्याकडे पाहून मलाही तेच दिसतं.

पैसे वेगळे काढून ठेवले आहेत. पुन्हा आपणहून पाठवणार नाही. मागितलेस तर लगेच पाठवीन.

दादा


दि. २ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसायची आणि कागद फाडून टाकायची, म्हणून इतके दिवस गेले. मधे फोन केला तेवढाच.

त्या दिवसाचं सांगते. नळ टाकायला दुकानासमोरचा रस्ता खणून ठेवला होता, गिऱ्हाईक फिरकलंच नाही. संध्याकाळी गल्ला उघडला तर एका पोत्याचेही पैसे निघेनात. काका रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत उभे राहिले. तेव्हा तुला फोन करून पैसे पाठवायला सांगितलं. पैशाचं बोलणं, तेही फोनवर! बाबा असते तर कान उपटला असता. तू का, कशाला, किती दिवसांसाठी, एक अक्षर विचारलं नाहीस. व्यापारी शटर ओढत होता तेव्हा काका पोचले. सकाळी पाव वेळेवर कँटीनला गेला.

आणि आता बातमी. काल बँकेतून बाईंचा फोन आला, ओव्हरड्राफ्ट मंजूर झाला! जुन्यापेक्षा थोडा कमी आहे, पण पुरेल. कँटीनचं बिलही जमा झालं. माझा जीव भांड्यात पडला. आज भट्टीत पुन्हा केक आहेत आणि काका शीळ घालताहेत.

पैसे आल्यावर पहिलं काम म्हणून तुझे परत करायला बसले. तुझं नाव टाकलं, रक्कम टाकली, आणि शर्ट आठवला. दादा, मला खरंच वाटायचं की तुला त्याचा आनंद होतोय. खूप रडले.

म्हणून पावसाआधी गच्ची होईल एवढेच पाठवले आहेत. बाकीचे ठेवून घेतले. आता गरज नाही, तरी ठेवून घेतले. कधी देईन ते सांगणार नाही. मला रोज टोचतील, टोचू देत.

रविवारी येते. रिकाम्या हाताने येणार आहे. बेकरीवाली असून साधा पावसुद्धा आणणार नाही. वहिनीला म्हणावं किटली कपाटातून काढ आणि निघताना मला डबा भरून दे. डबा परत करीन, पण रिकामा. नुसता धुऊन.

तुझं माझ्याकडे बाकी आहे, तसा लोभही बाकी राहू दे.

तुझी देणेकरीण,
चिंगी