उजव्या पायातली घुंगरं

प्रिय आकांक्षा,

पत्र बघून दचकू नकोस. हेच मोबाइलवर लिहिलं असतं तर पाठवून लगेच पुसलंही असतं, इतकी मी मला ओळखते.

शाळा आहे तिथेच आहे, करी रोडच्या नव्या टॉवरच्या सावलीत. सकाळी अकराला वर्गात ट्यूब लावावी लागते. तुझा हॉल आता डिजिटल कक्ष झालाय. तिथला फळा दिवसभर ‘थोडी प्रतीक्षा करा’ म्हणतो आणि पोरं करतात. आपल्या मुलांना प्रतीक्षा शिकवावी लागत नाही.

तू पहिल्यांदा आलीस ते आठवतं? आजोबांची घुंगरं पिशवीत घालून. गुणाजीआजोबा गिरणी सुटली की जाखडी नाचायचे, हे तू चौथीत माझ्याच वर्गात निबंधात लिहिलं होतंस. तरी मी फणकारलेच, की बये, पोरांना तीनचा पाढा येईना आणि तू काय नाच शिकवतेस, गणपतीला अजून चार महिने आहेत. तू नुसती हसलीस. प्रत्येकाच्या फक्त उजव्या पायात घुंगरं बांधलीस, रिंगण केलंस, एक म्हणत डावं पाऊल, दोन म्हणत उजवं. दर तिसऱ्या पावलाला पाय आपटायचा. तीन मुका, सहा वाजला, नऊ मुका, बारा वाजला. खालच्या वर्गातून चिंतामणी सर धावत वर आले, बाई, पाढे चाललेत की पाडकाम? माझ्या टेबलावर प्लॅस्टर पडतंय!

आणि मग ती पूर्वी. दोन वर्षं वर्गात तोंड न उघडलेली, ‘प’वरच अडकणारी पोर. तिसऱ्या आठवड्यात रिंगण मोडून मधेच उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, बाई, चारचा पाढा सगळा वाजतो! सम आणि विषम मी बावीस वर्षं फळ्यावर शिकवतेय. तिला ते घोट्यात सापडलं. तिची आई राधा पोळी-भाजी केंद्रातून पिठाच्या हातांनी तशीच आली, दारातच रडली, बाई, माझा चेडू बोलला! मी मात्र रिंगणाकडे बघत होते. अर्ध्या वर्गाला पाढे यायला लागले होते, आणि मी त्यांना शिकवलेले नव्हते. थोडं लागलंच मला. लपवत नाही.

आता मंगळवारचं सांगते. तोंडी परीक्षेला बाहेरचे साहेब आले होते. पूर्वीला सातचा पाढा विचारला. ती उभी राहिली. ओठ मिटलेले, पण डावं पाऊल हललं, मग उजवं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. पूर्वीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी, तुझी मीनाक्षीबाई, म्हणाले, पाय स्थिर ठेव. तिनं ठेवला. त्यानंतर सातही नाही आणि चौदाही नाही. साहेबांनी शेरा मारला, ‘वर्गाच्या बरोबरीने येऊ शकत नाही.’ राधा आता तिला देवगडला भावाकडे पाठवतेय. म्हणाली, शाळेनंच हात टेकले तर मी काय करू बाई? थांब म्हणायला माझ्याकडे होतं काय? प्रतीक्षा करा म्हणणारा फळा. तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा चहा घेणार का विचारलं.

तुझा तास संस्थेनं बंद केला, असं तू समजतेस. संस्थेनंच केला, पण त्याआधी एक तक्ता आला होता. शेवटचा रकाना होता, ‘नृत्याच्या तासाचा अभ्यासावर झालेला परिणाम’. मुख्याध्यापक म्हणून मी तिथे लिहिलं, निरंक, म्हणजे काहीच नाही. शाळेत ही आमची जुनी सवय, गं. खरं काही लिहिलं की त्याचे फोटो मागतात, पुरावे मागतात, तास कुठल्या विषयातून काढला ते विचारतात. निरंक लिहिलं की पुढचा कागद येत नाही. पुढचा कागद आला नाहीच. तुझा हॉल काढून घ्यायला माणसं आली. नंतर मी दोनदा दुरुस्तीचं पत्र दिलं. उत्तर आलं, मुख्याध्यापकांचाच अहवाल ग्राह्य धरला आहे. माझ्याविरुद्ध माझीच सही उभी आहे.

त्याहून वाईट पुढे आहे. पोरं विचारायची, ताई का येत नाही? मी सांगून टाकलं, ताईला कंटाळा आला, ती सोडून गेली. बाकीची विसरली. पूर्वी मात्र दर गुरुवारी, तुझ्या तासाच्या दिवशी, घुंगरं काढून पुसते आणि परत माझ्या कपाटात ठेवते; तुला परत यावंसं वाटलं तर तयार असावीत म्हणून. ती रविवारी सकाळच्या गाडीनं जाईल. तू आल्यानं शेरा पुसला जाणार नाही, राधाचं तिकीटही रद्द होणार नाही, मला ठाऊक आहे. पण शनिवारी ये, आणि तिला तेवढं सांग की तू सोडून गेली नव्हतीस. मी काल तिच्यासमोर उभी राहिले होते सांगायला. ती म्हणाली, प-प-पाय हलवत नाही बाई. मी तिला वर्गात परत पाठवलं.

तुझीच, अजून तरी म्हणू देशील तर,
मीनाक्षीबाई