रिकामी भट्टी तडकते

नाना, तुमच्यावर मी चिडलेय. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झालीत की ती सवलत संपली असं मी धरून चालते. तुम्ही मला बेकरी दिलीत, मैद्याला तूप कसं लावायचं, खारीची घडी कशी घालायची ते हात धरून शिकवलंत. कामाला येणाऱ्या बायांचं काय करायचं, तेवढं सांगायचं राहून गेलं. की सांगितलं होतंत आणि मला कळलं नाही, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

आपल्याकडे आता खारी लाटायला एक बाई आहे. तिची आई तुमच्या हाताखाली टोस्ट कापायची, गालावर देवीचे व्रण असलेली, ती तुम्हाला आठवेल. लेक आईपेक्षा सरस. तिच्या हातच्या खारीचे पदर जसे सुटतात तसे माझ्याही हातचे सुटत नाहीत, आणि हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. पण बाईच्या मागं घर केवढं! नवरा टेम्पो भरताना पाठीतून गेला तो बसूनच आहे. सासूला साखरेचा आजार, वेळेवर पोटात काही गेलं नाही की घेरी येऊन पडते. दोन मुली शाळेत, आणि नणंद वारली तिचं लेकरू हिच्याच पदरात. त्यामुळे रोज दुपार कलली की हिची चुळबुळ सुरू. "ताई, जरा घरी जाऊन येते." हिचं 'जरा' म्हणजे दिवे लागायची वेळ. तोवर घडी घातलेल्या मैद्यातलं तूप पाघळतं, पदर एकमेकांना चिकटतात आणि खारीची बिस्किटं होतात. दिवाळी तोंडावर आलेली, अर्धं संगमनेर रवा-मैदा-तुपाचे डबे घेऊन नानकटाई भाजायला दारात उभं, आणि ही गायब.

मी काही दगड नाही, नाना. मी म्हटलं, सकाळी लवकर ये आणि लवकर जा. तर सकाळी नळाला पाणी येतं आणि पोरांचे डबे असतात. म्हटलं, आठवडाभर सुट्टी घे. तर म्हणते, "सुट्टी घिऊन काय करू ताई, काम का सुट्टी घेतंय?" म्हटलं, नवरा बसून आहे तर त्याला चूल तरी पेटवू दे. तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला लुगडं नेसायला सांगितलं. मी हात टेकले.

मग तुमच्या नातवानं, माझ्या पोरानं, पुण्याहून एक मॅडम आणल्या. कामगारांना समजून कसं घ्यायचं, ते मालकांना शिकवतात म्हणे. त्यांनी सगळ्या बायांना गोल बसवलं, बिस्किटं आपलीच पुढं ठेवली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मोकळेपणानं बोला. घरी कुणाकुणाची जबाबदारी आहे तुमच्यावर? काय अडचणी आहेत?" बाया पायाच्या अंगठ्याकडे बघत बसल्या. मला राहवलं नाही. मी खारीवालीला म्हटलं, "सांग की, सासूचं सांग, नवऱ्याचं सांग." ती म्हणाली, "काय न्हाई मॅडम. सगळं ब्येस हाय." दुसऱ्या दिवशी निम्म्या बाया कामाला आल्याच नाहीत. त्यांच्यासाठीच एवढा घाट घातला, आणि त्याच रुसल्या! चांगलं करायला जावं आणि वर शिव्या खाव्यात, ती गत.

त्या दिवशी मला तुमची भट्टी फार आठवली. ती अजून आहे, मागच्या खोलीत, रिकामी पोती टाकायला. इलेक्ट्रिक ओव्हन आल्यापासून तिच्यात काडी लावलेली नाही. मी लहान आहे, आईचं बोट धरून मागच्या दारानं आत येतेय. पाव नुकते निघालेत, सगळीकडे तो वास. तुम्ही भट्टीतला विस्तव ओढून काढता आणि ओरडता, "चला गं, भगोनी आना, उशीर करू नका!" एकेक बाई घरून आणलेलं भगोनं पुढं करते. हुलगे, चवळी, मटकी, कधी कुणाकडे पाया. झाकण मैद्याच्या उरलेल्या गोळ्यानं लिंपलेलं, आणि त्या लिंपणावर ज्याची त्याची खूण. कुणी अंगठा उमटवलेला, कुणी फुली, कुणी चार बोटं. आधीच लिंपून ठेवलेलं एक भगोनं तुम्ही लांब दांड्यानं पहिलं आत सरकवता, मग बाकीची, आणि तोंड बंद करता. संध्याकाळी जाताना ज्याचं त्याचं कालवण शिजून तयार. मी विचारलं होतं, नाना, त्यांची भगोनी आपल्या भट्टीत का? तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "रिकामी भट्टी थंड झाली की इटा तडकत्यात. ह्या बाया भगोनी ठिवत्यात म्हनून आपली भट्टी टिकलीय. उपकार हायेत त्यांचे."

आणि ती थप्पडही आठवली. भगोनी बाहेर काढून ओळीनं मांडली होती. मला कुणाच्यात मटण आहे ते बघायचं होतं. मी एकाचं लिंपण नखानं उकललं, झाकण उचललं आणि सगळ्यांपुढं ओरडले, "ह्यात तर नुसतं पाणीच हाय!" तुम्ही मला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी लावलात. "दुसऱ्याच्या भगोन्याचं झाकान उघडायचं न्हाई. कधीच न्हाई." बाया आपापलं उचलून निघून गेल्या. कुणा गरिबाच्या घरी शिजवायला काही नव्हतं आणि लाजेखातर तिनं पाणी ठेवलं असणार, असं मी पुढं समजून चालले, आणि रविवारी आपल्या चर्चमध्ये येणाऱ्या त्या बायांच्या तोंडाकडे बघत बसायचे, कोण असेल म्हणून.

मॅडम गेल्या, आणि एक दिवस मध्ये जाऊ देऊन खारीवाली माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, दिवाळीपत्तुर हाय मी. मग कांद्याच्या लागनीला जाते टोळीत." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "इतक्या वर्षांचं सावलीतलं काम सोडून उन्हात वाकायला जाणार? रोज काम मिळेल का तिथं? घर कशावर चालवशील? तुला पाहिजे तरी काय?"

"तितं दुपारी सुटका व्हती. आनि मुकादम पुसत न्हाई, घरी कोन कोन हाय म्हनून."

हे मला लागलं. पण मी हटले नाही, विचारत राहिले. शेवटी म्हणाली, "संध्याकाळचं कालवन तेवढं येळंवर व्हायला पाहिजे. सासूची भूक दम धरत न्हाई. आईच्या येळंला बरं हुतं. हितनं शिजल्यालंच घिऊन यायची."

"एवढंच?"

"एवढंच."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. एका भगोन्यासाठी ही बाई हातचं कायमचं काम सोडायला निघाली होती! मी म्हटलं, उद्यापासून इथल्या गॅसवर शिजव. तर मान हलवली. "नको ताई. बाकीच्यांचं न्हाई आनि माजंच का? उपकार कुनाचे घ्यायचे न्हाईत मला." आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? तिला मदत पाहिजे, पण मदत नको. मी द्यायला तयार, ती घ्यायला नाही. त्या दिवशी मी पोराला, ओव्हनला, मांजराला, सगळ्यांना बोलले.

त्याच आठवड्यात पोरानं गवंडी बोलावला. भट्टी पाडून तिथं फ्रीजची खोली करायची त्याच्या मनात होतं. मी गवंड्याला म्हटलं, "जपून हो, इतकी वर्षं रिकामी आहे, आतून सगळी तडकली असेल." तो आत डोकं घालून टॉर्च मारून आला, हातोडीनं वाजवून बघितलं आणि हसायला लागला. "येक इट बी तडकल्याली न्हाई. रिकामी ऱ्हाऊन भट्टी तडकती व्हय कुठं? कुनी सांगितलं तुमाला?"

कुणी सांगितलं! मी तिथंच पोत्यावर बसले. पन्नाशी उलटली माझी, नाना, आणि मी आजवर चार लोकांना ही माहिती शहाणपणानं देत आले होते.

भट्टी पाडू दिली नाही. पोराला सांगितलं, गिऱ्हाइकं भट्टीचा पाव मागतात. तो म्हणाला, आई, कोण मागतंय? मी म्हटलं, तू गप. बायांना जमवून सांगितलं की भट्टी पुन्हा पेटवतेय, आणि गवंडी म्हणालाय, पाव निघाल्यावर ती रिकामी राहिली तर तडकेल, तेव्हा घरून भगोनी आणा, माझ्यावर उपकार होतील. बायांनी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी पाव निघाले, विस्तव ओढला, आणि एकीनंही काही आणलेलं नव्हतं. लाकडं जळाली ती जळाली. मग मीच एक भगोनं मैद्यानं लिंपलं, वर फुली मारली आणि सगळ्यांच्या देखत आत सरकवलं. म्हटलं, कुणी नाही तर मी तरी ठेवते बाई, भट्टी वाचली पाहिजे.

त्यानंतरच्या दिवशी दोघी-तिघींनी आणलं. खारीवालीनं शेवटी आणलं, हुलग्यांचं, लिंपणावर अंगठा उमटवून, तिच्या आईसारखाच. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "व्हय ताई. आई बी म्हनायची. रिकामी भट्टी तडकती." चेहऱ्यावरची रेषा हलली नाही तिच्या. म्हणजे तुम्ही खोटं सांगत होता, त्या खोटं ऐकून घेत होत्या, आणि मधल्या मध्ये ते खरं धरून बसलेली मी एकटी. कांद्याचा विषय तिनं परत काढला नाही, मीही विचारलं नाही. आता दुपारभर लाटते, भगोनं उचलते आणि वेळेवर निघते. तरी गुरुवारी अजून मध्येच पळते, कशासाठी ते सांगत नाही. मी चिडते, पण विचारत नाही. आणि ते तुमच्यामुळे.

हे लिहून झालं की घडी घालून ठेवून देईन, पाठवायला तुमचा पत्ता कुठाय. पण हल्ली रोज लिंपण घालताना एकच शंका येते. ते पाण्याचं भगोनं कुणा गरिबाचं नव्हतंच, नाना. तुमचं होतं ना? रोज पहिलं आत जाणारं?

मला कळायचं कारण असं, की त्या पहिल्या दिवशी मी ठेवलं, त्यातही नुसतं पाणीच होतं. झाकण कुणी उघडलं नाही.