डब्यातलं काळं पान

आई,

शेतात जमिनीखाली सापडलेल्या धान्याच्या जुन्या पेवातले जळके दाणे तू डब्यात भरून दिलेस, तेही बियाण्यासारखे, चुलीची राख आणि कडुलिंबाचा पाला घालून! मला प्रयोगशाळेत त्यांचं वय मोजायचं होतं. आजची राख मिसळली म्हणून फोनवर किती बोलले तुला. तू एवढंच म्हणालीस, "कीड लागली असती मंग?"

दाणे धुऊन मोजले. दोन हजार वर्षांचे निघाले! दाण्याला चिकटलेलं लिंबाचं काळं पान तुझ्या चुलीतलंच समजून, तुझी चूक दाखवायला मोजलं. तेही दोन हजार वर्षांचं!

हे पत्र टाकत न्हाई. भारतदादा तुला मोठ्यानं वाचून दाखवंल, माझी माफी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल. उद्या मीच तुझ्याकडं परतूरला येऊन राह्यले.

पेवात पाला टाकणाऱ्या त्या बाईलाही तिची लेक असंच बोलली असंल का गं?

तुझी अतिशहाणी,
भावना