थैली कोणाच्या हाती

यवतमाळ
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

प्रिय बाबा,

भैरवीचा नमस्कार. आईला पण. मी बरी आहे, थंडी लय आहे, खोकला गेला. पत्र पाहून दचकू नका. फोन लावला की तुम्ही 'आवाज कटून राह्यला' म्हणता आणि स्वतःच कट करता, म्हणून कागद काढला. दारव्ह्याच्या जीपवाल्याजवळ देते, संध्याकाळपर्यंत पोचेल. बोलते तशीच लिहून राह्यली. शुद्ध लिहायला बसले की मी खोटं बोलते, हे तुम्हाला माहीत आहे.

मेसेज वाचला. 'रविवारी टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेव, उरलेलं वर्ष घरून ये-जा कर.' काहून ते तुम्ही लिहिलं नाही. मी अजून काही बांधलं नाही. त्याचं पुढे लिहिते. आधी गंगीचं ऐका.

आम्ही नऊ पोरी या भाड्याच्या घरात मिळून चूल चालवतो. भाडं आणि किराण्याचे पैसे दर महिन्याच्या दहा तारखेला जमा करायचे. याला आम्ही मंडळ म्हणतो. गंगी राठोड मंडळाची अध्यक्ष. घाटंजीकडच्या तांड्यावरची, बीएच्या शेवटच्या वर्षाला. आवाज असा की गल्लीतले कुत्रे उठतात.

तिच्या आधीची अध्यक्ष काय करायची, तर जिचे पैसे राहिले तिचं नाव खडूनं स्वयंपाकघराच्या दारावर लिहायची. भाकर घ्यायला गेलं की आपलंच नाव आपल्याला दिसे. सगळ्यात जास्त दिवस गंगीचंच होतं म्हणतात. ती अध्यक्ष झाली त्या दिवशी तिनं ओल्या फडक्यानं दार पुसलं आणि तिथं लिहिलं, 'आज पातोडीची भाजी.'

मग तिनं नियम काढला. जिचे पैसे बाकी, बाजाराची थैली तिच्या हातात. सगळ्यांचे पैसे घेऊन तिनंच भाजी आणायची, किराणा आणायचा.

मी म्हटलं, "हे उलटंच झालं ना गंगे?"

"उलटं काहून? थैली जिच्या हाती, तिच्यासमोर सगळ्या गोड बोलते. 'वांगे आनजो वो, मटर आनजो वो.' तिले कोन विचारन का तुह्ये पैसे कुठी आहे?"

"मग माफच करून टाक."

"माफ-बिफ काही नाही. मी काय सावकार हावो का माफ कराले? देईन ते पोरगी. नोकरी लागल्यावर देईन. पन तवरिक तिनं मान खाली घालून जेवाचं नाही."

असा माणूस मी पाह्यला नाही, बाबा. ती हे बोलत होती तेव्हा एका हातानं कांदा फोडत होती, वर तिखट कमी झालं म्हणून मला शिव्याही देत होती.

गंमत सांगते. आमच्यातल्या कुंदाचे वडील वकील, तिचे पैसे सगळ्यात आधी येतात. ऑगस्टात तिनं मुद्दाम दिले नाही. तिला थैली पाह्यजे होती, भाजीवाल्यांशी भांडायला. गंगीनं दोन दिवसात पकडलं.

"काहून वो कुंदे, गरीब व्हाले बी नंबर लावून राह्यली काय? काढ पैसे!"

"एक महिना तरी होऊ दे ना गरीब!"

आम्ही हसून हसून लोळलो. मी सगळ्यात जास्त.

(इथं दोन ओळी खोडल्या. उजेडात धरून वाचू नका.)

ऑक्टोबरपासून थैली माझ्याकडे आहे.

मी गंगीला सांगितलं होतं, बाबांच्या एटीएमचा काहीतरी घोळ आहे. ती म्हणाली, "असन. मशीनचं काही सांगता येत नाही." आणि थैली दिली. "सांबाराची हिरवी जुडी हुंगून घेजो, कालची देतेत."

तुमच्या पतसंस्थेला कुलूप लागलं हे मी दिवाळीतच पेपरात वाचलं होतं. तुम्ही डबा घेऊन रोज निघायचे, आई रोज भरून द्यायची, म्हणून मीही बोलले नाही. आपण तिघंही किती छान गप्प बसलो.

गेल्या शनिवारी सकाळी मी आणि गंगी मोठ्या भाजीबाजारात गेलतो. तिथं एका अडत्याच्या दुकानात, कांद्याच्या पोत्यांमध्ये तुम्ही बसले होते. कानाला पेन, गळ्यात आईनं विणलेला मफलर. समोरच्या शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी लिहिता लिहिता तुम्ही अडत्याला म्हणाले, "शेठ, याची तोलाई दोनदा लागली. एक काढा." शेठनं तोंड वाकडं केलं, पण काढली. तो शेतकरी हसला आणि तुम्ही पण हसले. पतसंस्थेच्या काचेमागे बसलेले तुम्ही इतक्या वर्षांत मला हसताना दिसले नाही.

मी कोबीच्या ढिगामागे बसले.

गंगी म्हणाली, "तुहे बाबा व्हय ना? हाक मार."

"नको. त्यांना बरं नाही वाटणार."

"त्यायले का तुले?"

बाबा, रोज दारव्ह्याहून तुम्ही माझ्याच गावात येता आणि मला न भेटता जाता, याचा रागही होता. पण त्या पोत्यांमधला माणूस माझा बाप आहे, हे सगळ्या बाजाराला ओरडून सांगावं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम. शेवटी मी वांगी घेऊन घरी आले आणि रात्री जेवले नाही. गंगीनं माझ्या ताटावर ताट झाकून ठेवलं फक्त.

तर रविवारचं. मी येणार नाही. इथं मला कोणी काढत नाही, कोणी माझ्याकडे वाकडं पाहत नाही, आणि माझे पैसे मी नोकरी लागल्यावर स्वतः देणार आहे, तसं गंगीला सांगून टाकलं. एटीएमचं खोटं होतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटलंच. मशीन एवढे दिवस बिमार राहत नाही."

परवा शनिवारी मी पुन्हा बाजारात येते. या वेळी लपणार नाही. दुकानासमोर उभी राहून, शेठ असो की हमाल, सगळ्यांसमोर 'बाबा' म्हणून हाक मारीन.

ओ द्या.

तुमचीच,
भैरवी